मिनिटाला नव्वद

सेमिनरी हिल्सच्या चढावर मधुसूदनने क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.

सायकलला क्लच नसतो, हे तोवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? तो राहायचा नागपूरबाहेर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे भाड्याच्या खोलीत, आणि काम करायचा त्याच गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचं. आजूबाजूला सगळे ट्रकचे ड्रायव्हर. गिअर बदलायचा तर आधी क्लच, यावर त्यांच्यात दुमत नव्हतं. सायकलला दाबायच्या मुठी दोन, त्यातली एक ब्रेक, तर दुसरी क्लचच असणार, असा निकाल बिल्टीच्या खिडकीसमोर चहा पिता पिता लागला. पहिला गिअर म्हणजे सगळ्यांत लहान चक्र, हेही तिथेच ठरलं. पहिलीतलं पोर लहानच असतं ना.

तर चढाच्या ऐन मध्यावर त्याने डावी मूठ करकचून दाबली, पायडलांवर उभा राहिला आणि दांडीवरचा खटका ओढला. साखळी कडकडली, लहान चक्राच्याही पलीकडे उडाली आणि चक्र आणि सांगाडा यांच्या फटीत जाऊन रुतली. पाय जागच्या जागी अडकले. मधुसूदन क्षणभर तसाच उभा राहिला, फोटो काढायला थांबल्यासारखा, आणि मग सायकलसकट उजवीकडे आडवा झाला. उजवीकडे मारोतराव धारवाले एका बंगल्याच्या खानसाम्याच्या सुऱ्यांना धार लावत बसले होते.

पाण्याचा डबा कलंडला. सुऱ्या गवतात गेल्या. खानसामा भिंतीला टेकून हसत सुटला.

"काहून बे," मारोतराव म्हणाले, "एवढ्या रस्त्यात तुले माहंच दुकान सापडलं?"

"क्लच लागला नाई, काका."

"काय नाई लागला?"

मधुसूदनने मूठ दाबून दाखवली. मारोतरावांनी मूठ पाहिली, तिथून निघालेली तार पाहिली, तार जिथे संपत होती ते ब्रेकचे रबर पाहिले आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हणजे तू ब्रेक मारून चढ चढून राहिला होता. वा गा वा! आन् वर्तून जोर बी लावत होता?"

"हो."

"मंग जिंकला कोण?"

खानसाम्याला खाली बसावं लागलं.

मारोतराव पंचावन्नचे असतील. बारीक अंगकाठी, बाराही महिने खाकी हाफपँट, आणि तिच्यातून निघालेले दोन पाय असे की चरबी नावाला नाही, नुसत्या शिरा आणि दोर. घर जरीपटक्याला. सकाळी सातला तिथून निघायचे आणि सिव्हिल लाइन्सचे बंगले, सदरचे शिंपी, गोकुळपेठेतले हॉटेलवाले अशी फेरी करून दिवेलागणीला परतायचे. त्यांची सायकल हाच कारखाना. मागचा स्टँड लावला की चाक अधांतरी व्हायचं, चाकावरून एक पट्टा दांडीवर बसवलेल्या दगडाकडे जायचा. मारोतराव सीटवर बसून पायडल मारत आणि फिरत्या दगडावर सुरी धरत. दिवसाला तीस किलोमीटर चालती सायकल आणि वर चार-पाच तास जागच्या जागी. नागपुरात त्यांच्याइतके पायडल मारलेला दुसरा माणूस असेल तर तो त्यांच्याच धंद्यातला असणार.

त्यांनी आधी सुऱ्या गोळा करायला लावल्या. मग मधुसूदनची सायकल उलटी ठेवली आणि साखळी इकडून तिकडे ढकलणारा वाकलेला लोखंडी हात लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केला. गिअरची सायकल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. पुढे दोन चक्रं, मागे पाच. पायडल हाताने फिरवत ते बराच वेळ नुसते पाहत बसले.

"हे मागचं लहान चक्र म्हणजे जड," ते शेवटी म्हणाले.

"नाई काका, तो पहिला गिअर होय. ड्रायव्हर लोक सांगतात…"

"ड्रायव्हर लोकाईनं कधी पायानं ट्रक चालवला का? हे पाय. माहा पाय एकदा फिरते तर माहा दगड दहा-बारादा फिरते. काहून? चाक मोठं आन् दगडाची गिरकी लहान. तुह्या इथं बी तेच. चढावर हे मागचं मोठं घ्यायचं आन् पुढचं लहान. कोण्या गावचा तू?"

"कुहीचा."

मारोतरावांचा हात थांबला. "कुहीचा? मंग तुले तर जन्मापासूनच सायकल आली पाह्यजे होती!"

तेही कुहीचेच निघाले. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायला म्हणून त्यांनी गावातल्या मास्तरांची सायकल मागून घेतली होती आणि आईला कॅरिअरवर बसवून कुहीहून थेट नागपूर गाठलं होतं. आई अंगाने भरलेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. गावातली दोन दांडगी पोरं त्यांच्यासोबत निघाली होती. ती उभी राहून पायडल मारत भर्रकन पुढे गेली आणि अर्ध्या वाटेवर बाभळीखाली पोटऱ्या धरून बसलेली सापडली. "माय मले म्हणे, घाई नोको करू, पण थांबू बी नोको. तसाच लहान लहान पाय मारत आलो. मायच्या गाठोड्यातली भाकर बी हालली नाई." गावी परतले ते फक्त सायकल द्यायला. नंतर ते नागपूरचेच झाले.

कुहीचा पोरगा म्हटल्यावर मधुसूदनला सगळं सांगून टाकणं सोपं गेलं. सायकल त्याची नव्हती, ट्रान्सपोर्टचे मालक भैय्याजी यांची होती. परदेशातून आलेल्या कोण्या गिऱ्हाइकाने भाड्यात वळती करून दिली होती. भैय्याजींना स्वतःला सायकलवर बसायचं तर सायकलची चिंता वाटली असती, इतकं त्यांचं वजन. पण शौक दांडगा. जानेवारीत वाडी ते बाजारगाव आणि परत अशी चाळीस किलोमीटरची शर्यत होती. गोदामातून दोघे उतरणार होते. एक मधुसूदन, दुसरा गिरिधर हमाल. गिरिधर साखरेचं पोतं एका खांद्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने विडी पेटवायचा. भैय्याजींनी फैसला करून टाकला होता, "तुम्ही दोघात जो पुढं येईल, त्याले सायकल. फेब्रुवारीत राज्याची स्पर्धा, थे त्यानं खेळाची."

"पण मी गिअरची चालवणार, आन् तो साधी," मधुसूदन प्रामाणिकपणे म्हणाला होता.

"गिअर असून बी तू मागं राह्यला तर थे गिअर तुह्या काय कामाचे?"

राज्यस्पर्धेत चमकलेल्या पोरांना एक-दोन सरकारी खाती खेळाडू म्हणून घेत. बिल्ट्या फाडणाऱ्या रोजंदारीवरच्या पोराला सरकारी खात्यात शिरायला दुसरं दार नव्हतं, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे ही सायकल. मधुसूदन मॅट्रिक होता, हस्ताक्षर चांगलं होतं, पण नागपुरात चांगल्या हस्ताक्षराची पोरं ढिगाने होती.

"ये मंग," मारोतराव म्हणाले. "रोज सांजच्याले ये, जरीपटक्याले."

पहिल्या संध्याकाळी मधुसूदन नवा बनियन घालून गेला. मारोतरावांनी त्याची सायकल भिंतीला लावून ठेवली आणि त्याला स्वतःच्या धारेच्या सायकलवर बसवलं. "मार पायडल."

मधुसूदनने मारलं. मारोतरावांनी दगडावर कात्री टेकवली तसा पाय जड झाला, म्हणून त्याने जोर लावला. मग दगड सैल सुटला तसा पाय भिरभिरला. कात्री करकरली.

"पाह्य!" मारोतरावांनी कात्री दिव्यापुढे धरली. पात्याला दाते पडले होते. "जोर, ढील, जोर, ढील. प्रमोदिनीताईची कात्री होय ही. आता त्याईनं याच्यानं ब्लाउज बेतला का झालर आपोआप निघन."

"मंग काय करू?"

"मी दाबलं तर तू दाबू नोको. तू फिरव. पाय फिरलाच पाह्यजे, बस."

आठ दिवस त्याने नुसता दगड फिरवला. गोदामात सगळे विचारायचे, सायकल किती पळवली? तो म्हणायचा, जागेवरून हललो नाही. गिरिधर मात्र रोज पहाटे कॅरिअरवर सिमेंटचं पोतं बांधून अमरावती रोडवर जायचा. ड्रायव्हर लोकांना त्याची तयारी पटण्यासारखी वाटायची. तिच्यात काहीतरी दिसत होतं.

नव्वदचा शोध मारोतरावांच्या मुलीमुळे लागला. प्रेमिला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि त्या घरातलं एकुलतं एक घड्याळ तिच्या मनगटावर होतं. सायकलबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मधुसूदनने डिक्शनरी घेऊन तिची चार पानं लावली होती. त्यात लिहिलं होतं, पाय मिनिटाला नव्वद वेळा फिरले पाहिजेत. छापण्यात चूक झाली असावी, असं त्याचं मत होतं.

"का बरं?" प्रेमिलाने विचारलं.

"नव्वद वेळा पाय फिरवला तर माणूस येडा दिसन."

"तुम्ही आता दिसताच की." तिने घड्याळ पाहिलं आणि मोजलं. "तुमचे अठ्ठावन्न. बाबा, तुम्ही बसा बरं."

मारोतराव बसले. सवयीने पायडल मारू लागले, आणि पायडल मारताना सवयीनेच त्यांच्या तोंडून त्यांची हाळी निघाली, "ए धाऽऽर… चाकू-सुरी-कैची धाऽऽर!" प्रेमिलाने मिनिटभर मोजलं. मग पुन्हा मिनिटभर मोजलं.

"एक्याण्णव," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यांदा नव्वद."

मारोतरावांना या आकड्याचं काही वाटलं नाही. "पुस्तक लेहणाऱ्याचा बाप धारवाला असन," एवढंच ते म्हणाले. पण प्रेमिलाला नादच लागला. तिने हेही शोधून काढलं की मारोतराव एक हाळी देतात आणि दुसरी देतात, त्यांच्या मध्ये पाय बरोबर पंधरा वेळा फिरतो. तीस वर्षांत ना हाळी चुकली होती, ना पाय. मिनिटाला सहा हाळ्या. म्हणजे मधुसूदनला घड्याळाची गरजच नव्हती. त्याने मनातल्या मनात मारोतरावांची हाळी द्यायची, पंधरा मोजायचे, पुन्हा हाळी द्यायची. कमी भरले की गिअर हलका करायचा, जास्त भरले की जड करायचा. चाकं किती पळताहेत ते बघायचंच नाही.

मग कुठे त्याला गिअरच्या सायकलवर बसायची परवानगी मिळाली. पुन्हा सेमिनरी हिल्स, पुन्हा तोच चढ. मारोतराव चढाच्या मध्यावर आपला कारखाना थाटून बसले.

"चढ लागल्यावर गिअर नोको बदलू. चढ दिसला का बदल. आन् बदलताना पाय फिरता ठेव, पण दाबू नोको. मी सुरी पालटतो तेव्हा काय करतो? दगड फिरतच राह्यते, मी फक्त सुरी उचलतो. तू तसा पाय उचल. अर्धा फेरा. तेवढ्यात खटका ओढ."

पहिल्यांदा साखळी करकरली. दुसऱ्यांदा करकरली. मारोतराव खालूनच ओरडले, "हळूच गा! रेडिओचं ठेसन लावल्यावाणी ओढ. आवाज खरखर करते तवर ठेसन लागलं नाई समज." विसाव्या-पंचविसाव्या खेपेला मधुसूदनने पाय अर्धा फेरा सैल सोडला, खटका जरासा ओढला, आणि काही झालंच नाही. आवाज नाही, झटका नाही. फक्त पाय एकदम हलका झाला. तो इतका आनंदला की मागे वळून मारोतरावांकडे पाहायला गेला आणि कडेच्या चिलाटीच्या काटेरी झुडपात शिरला.

"हे कोणत्या गिअरात केलं?" मारोतरावांनी विचारलं.

शर्यत जानेवारीच्या एका रविवारी होती. वाडीच्या नाक्यावर अख्खं गोदाम उतरलं होतं. भैय्याजी पांढऱ्या सफारीत ट्रकच्या बॉनेटवर चढून बसले होते. तिथे त्यांना कसं चढवलं, ती वेगळी हकीकत. तेवीस सायकली सुटल्या आणि पहिल्याच फर्लांगात गिरिधर सगळ्यांच्या पुढे निघून गेला. तो उभा राहून पायडल दाबायचा तेव्हा सायकल डावी-उजवीकडे झुलायची आणि लोक शिट्ट्या मारायचे.

मधुसूदन बसून होता. नुसते पाय फिरत होते, गरगर, लाडू वळणाऱ्या बाईच्या हातासारखे.

"अबे मध्या, साखळी तुटली का तुही? हवेत काहून पाय मारून राह्यला?" एक ड्रायव्हर ओरडला.

"जोर लाव ना बे! खात नाई का काही?"

ऐकायला जड जातच होतं. वाडीत राहून अशक्त म्हणवून घेणं सोपं नाही. एकदा तर त्याचा हात जड गिअरकडे गेलाही. पण आत हाळी चालू होती, चाकू-सुरी-कैची, आणि पंधरा भरत होते. त्याने हात परत मुठीवर आणला.

बाजारगावला वळसा घेतला तेव्हा तो अकरावा होता. परतीला उन्हं चढली आणि जी पोरं जाताना उभी राहून गेली होती ती एकेक करून बसू लागली. बसली की त्यांचे पाय मधुसूदन मोजायचा. पन्नास. अठ्ठेचाळीस. एकाचे तर चाळीस. तो एकेकाच्या बाजूने जात राहिला, घाई न करता. दवलामेटीच्या चढाच्या पायथ्याशी तो पाचवा होता आणि समोर शंभर पावलांवर गिरिधरची रुंद पाठ झुलत होती.

इथे माती खाल्ली.

चढ दिसला होता. गिअर तेव्हाच बदलायचा होता. पण मधुसूदन गिरिधरच्या पाठीकडे बघत राहिला, चढ पायाखाली आला, पाय जड झाले, आणि सहा आठवड्यांची मेहनत विसरून तो उभा राहिला. पूर्ण जोर लावून त्याने पुढच्या चक्राचा खटका ओढला. साखळी उडाली आणि पुढचं चक्र आणि सांगाडा यांच्या मधल्या फटीत रुतून बसली.

नशीब एवढंच, की तो जिथे थांबला तिथे इंदूबाईचं भज्यांचं दुकान होतं. ट्रकवाले तिथे थांबायचे, आणि महिन्यातून एकदा तिच्या विळ्यांना मारोतराव धार लावून द्यायचे. कढईत घाणा पडलेला, इंदूबाईच्या हातात लांब दांड्याचा झारा. मधुसूदनने फटीत बोट घालून पाहिलं. बोट जाईना. दोघे सायकलस्वार बाजूने निघून गेले.

झाऱ्याच्या दांड्याला टोकाला आकडा होता, खिळ्याला अडकवायचा.

"मावशी, झारा द्या!"

"अरे, घाणा पडला माहा!"

त्याने झारा तिच्या हातातून घेतलाच. आकडा साखळीत घातला, ओढला. साखळी सुटली. चक्रावर बसवली. मागे इंदूबाई ओरडत होती, "माहे भजे जळले रे, मेल्या! झारा दे!" पण तोवर आणखी एक जण पुढे गेला होता. मधुसूदनने झारा हाफपँटीत मागे खोचला आणि टांग टाकली.

आता त्याने सगळ्यांत हलका गिअर घेतला. इतका हलका, की बघणाऱ्याला हसू यावं. पाठीला गरम झारा, तेलाचे थेंब पोटरीवर, आणि पाय गरगर. हाळी, पंधरा. हाळी, पंधरा. आधी गेलेले तिघे चढाच्या मध्यावर सायकलींशी कुस्ती खेळत होते. त्यांना त्याने मागे टाकलं. पुढे एक जण उतरून चालतच होता. चढाचा माथा शिल्लक असताना गिरिधर हाताला लागला. गिरिधरच्या पायाचे तेव्हा मिनिटाला पस्तीसही फेरे भरत नव्हते. पण प्रत्येक फेऱ्याला सायकलचा सांगाडा कण्हत होता.

"मध्या," तो धापा टाकत म्हणाला, "पाठीले काय होय थे?"

"झारा."

गिरिधरला हसू आलं. हसू आलं आणि होता तो दम गेला. माथ्यावरून उतार लागताना मधुसूदनने अर्धा फेरा पाय उचलला, खटका हळूच ओढला, आणि ठेसन लागलं.

नाक्यावर तो तिसरा आला. गिरिधर पाचवा. पंचांनी झाऱ्याबद्दल बराच वेळ चर्चा केली. नियमात झाऱ्याविषयी काहीच नव्हतं. बॉनेटवरून भैय्याजी ओरडले, "सायकल मध्याची! आन् गिरिधर, तू उद्यापासून जेवल्यावर पोतं उचल, आधी नोको!" गिरिधरने मधुसूदनच्या पाठीवर अशी थाप मारली की सरकारी नोकरी तिथेच हुकली असती.

संध्याकाळी तो जरीपटक्याला गेला. मारोतराव दगडाला पाणी लावत होते.

"तिसरा आलो, काका. सायकल राह्यली."

"मंग पुढच्या दोघाईले काहून जाऊ देलं?" ते म्हणाले, पण दगड सोडून उठले आणि त्यांनी सायकलची साखळी बोटाने तपासली. साखळीला तेल होतं, पण भलत्याच वासाचं. "हे भज्याचं काहून हाय?"

मधुसूदनने सांगितलं. मारोतराव इतके हसले की प्रेमिला पुस्तक घेऊन बाहेर आली.

आठ दिवसांनी मात्र ते हसत नव्हते. वाडीला आले, बिल्टीच्या खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाले, "माहं गिऱ्हाईक तुटलं तुह्या पायी. इंदूबाई म्हणते, झारा येत नाई तवर विळीले हात नाई लावू देणार. दोन विळ्या आन् एक सुरी, महिन्याची."

"तुम्ही घेऊन जा ना काका, खोलीतच हाय."

"म्या म्हटलं तसं. नाई म्हणे. ज्यानं नेला त्यानंच आनाचा, आन् जळल्या घाण्याचं तोंडानं बोलाचं."

मधुसूदन उद्याच देतो म्हणाला. तो रोज पहाटे झारा पाठीला खोचून निघतोही. पण जाताना दवलामेटीचा उतार असतो, सायकल अशी सुटते की थांबवणं जिवावर येतं. येताना चढ असतो, पाय नव्वदीवर आलेले असतात, आणि मधेच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारीची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. इंदूबाई कढईमागे उभी असते, हातात मोठा चमचा, त्यातून तेल नीट निथळत नाही. तो हात वर करून ओरडतो, "येताना देतो, मावशी!" आणि येताना ओरडतो, "उद्या!"